‘आरुरुक्षु’चे मराठी रूप

मराठी पर्यायकोशात ‘चढणे’ या क्रियापदाखाली ‘आरोहणे’, ‘वेंघणे’ अशी पदे शेजारी ठेवली जातात. तथापि त्यांचे शेजारपण फसवे आहे. ‘चढणे’ केवळ दिशा सांगते. जिना, किंमत, ताप आणि नशा, सारे एकाच क्रियापदाने चढते. हातपाय आवळून, तोल सांभाळीत, कसेबसे वर जाण्याचा अर्थ मराठीला बहुधा क्रियापदाबाहेरून आणावा लागतो: धडपडत, रांगत, खुरडत. जुन्या मराठीतील ‘वेंघणे’ प्रमाणभाषेतून जवळजवळ लोपल्यावर तर ही उणीव अधिकच जाणवते. पण ती खरोखर उणीव आहे काय?

शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय या दृष्टीने पाहावा. गीतेच्या तिसऱ्या श्लोकात ‘आरुरुक्षु’ हे पद आहे. ‘रुह्’ धातूचे हे इच्छार्थक रूप चढू इच्छिणाऱ्याचा निर्देश करते, चढण मात्र दाखवीत नाही. ज्ञानदेव योगाचा पर्वतच उभा करतात. यमनियमांचा तळवट, आसनाची पाउलवाट, प्राणायामाचा आडकंठ, आणि मग प्रत्याहाराचा अधाडा, म्हणजे तुटलेला कडा. तेथे बुद्धीचेही पाय निसरतात आणि हटयोगी आपली प्रतिज्ञा सोडतात. पुढे उरते ती वैराग्याची नखी; तीही ‘ढाळें ढाळें’, हळूहळू, लागणारी.

लक्षणीय गोष्ट अशी, की या चढणीच्या ओव्यांत ‘चढणे’ नाही, ‘वेंघणे’ही नाही. रिगणे, वर येणे, लागणे, क्रमणे अशी साधी क्रियापदे आहेत. सारे अवघडपण नामांत आणि विशेषणांत, जमिनीच्या आणि देहाच्या शब्दांत साठलेले आहे. ‘नखी’ हा शब्द वगळला तर वैराग्य उरेल, पण कड्याला चिकटलेला माणूस नाहीसा होईल. बाराव्या अध्यायात कोरलेले दादर आणि सोपान येतात. तिथली चढण बांधीव आहे, येथली नाही.

नेवासे प्रवरेकाठचे, सपाटीवरचे गाव. प्रवरा उगम पावते ती मात्र याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखरही त्याच तालुक्यात. या डोंगरांतून ज्ञानदेवांची शब्दकळा आली असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. तसा पुरावा नाही, आणि रूपकाला त्याची गरजही नाही. संस्कृत योगग्रंथांची परिभाषा येथे पायवाटेच्या मराठीत उतरली आहे, आणि ती उतरताना अमूर्त साधनेला घसरण्याचे भय प्राप्त झाले. ‘आरोहण’ या तत्सम शब्दात ते भय नाही. त्यात माणूस पोचलेलाच असतो.