चंद्राचे खडक किती कोरडे?

परीक्षानळीत मोरचूद तापवला की निळे खडे पांढरे पडतात आणि नळीच्या थंड तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. मोरचुदाच्या वजनात सुमारे ३६ टक्के पाणी असते, म्हणून ते डोळ्यांना दिसते. येल विद्यापीठातील खनिजशास्त्रज्ञ सॅम्युअल पेनफिल्ड यांनी १८९४ साली अशाच साध्या कृतीतून मोजमापाची एक पद्धत दिली. त्यांच्या काचनळीला बंद टोकाशी एक फुगा आणि मध्ये दुसरा फुगा असे. टोकाच्या फुग्यात खनिजाची तोललेली पूड तापवायची, म्हणजे वाफ मधल्या थंड फुग्यात जमते. मग तापलेले टोक काच वितळवून काढून टाकायचे. उरलेली नळी पाण्यासकट तोलायची आणि वाळवून पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे खनिजातले पाणी!

टक्क्यांत मोजता येणाऱ्या पाण्यासाठी ही पद्धत उत्तम. पण पाणी दशलक्ष भागांत दहा-वीस भागच असले तर?

१९६९ ते १९७२ या काळात अपोलो मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलोग्रॅम खडक व माती आणली. त्यांत अभ्रकासारखी पाणी बांधून ठेवणारी खनिजे जवळजवळ आढळलीच नाहीत. कुठे थोडे पाणी दिसले, तर ते पृथ्वीवरच्या दमट हवेतून शिरले असावे असे मानले गेले. ही शंका रास्तच होती. प्रचंड टकरीतून चंद्र जन्मला आणि त्या उष्णतेत त्याचे पाणी उडून गेले, या कल्पनेशीही हे जुळत होते. चंद्र कोरडा ठणठणीत ठरला आणि पाठ्यपुस्तकांतही तसेच छापले गेले. मात्र मोजणाऱ्या उपकरणांची मर्यादा दशलक्षांत सुमारे ५० भाग होती. म्हणजे ‘कोरडा’ याचा खरा अर्थ ‘५० पेक्षा कमी’ एवढाच होता.

हायड्रोजन मोजणे मुळातच कटकटीचे आहे. खनिजातले ‘पाणी’ म्हणजे बहुधा थेंब नव्हेत, तर ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन. तो मोजून आकडा पाण्याच्या रूपात सांगायचा, असा संकेत आहे. एरवी खनिजांतील मूलद्रव्ये क्ष-किरणांवरून ओळखतात, पण एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन त्या पद्धतीला दिसत नाही. शिवाय तो हवेत, नमुना बसवायच्या राळेत, उपकरणाच्या भिंतींवर असा सगळीकडे असतो.

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेतील एरिक हाउरी यांनी यावर चिकाटीने काम केले. आयनांचा झोत नमुन्यावर मारून त्याच्या पृष्ठभागाचे कण उडवायचे आणि ते वस्तुमानानुसार वेगळे करून मोजायचे, ही पद्धत त्यांनी वापरली. राळेऐवजी इंडियम हा मऊ धातू घेतला. उपकरणाचा स्वतःचा हायड्रोजन किती, हे कळावे म्हणून पाणी नसलेले कृत्रिम स्फटिकही मोजले. मर्यादा ५० वरून ५ पर्यंत खाली आली.

ब्राउन विद्यापीठातील आल्बेर्तो साल यांनी हाउरी व इतर सहकाऱ्यांसह अपोलो १५ आणि १७ ने आणलेले ज्वालामुखीय काचमणी या पद्धतीने तपासले. हे मणी मिलिमीटरहूनही लहान. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या मण्यात दशलक्षांत ३० भाग पाणी धरले, तर ते भरते ग्रॅमचा जेमतेम अब्जावा भाग! २००८ साली निकाल प्रसिद्ध झाला. पाणी दशलक्षांत ४६ भागांपर्यंत होते.

पण हे पाणी चंद्राचेच कशावरून? या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग तो हाच. एक मणी त्यांनी केंद्रापासून कडेपर्यंत मोजला. केंद्रात ३० भाग, कडेला १४. दमट हवेतून किंवा सौर वाऱ्यातून पाणी आत शिरले असते, तर कडेला जास्त आणि आत कमी दिसले असते. इथे उलटेच होते. म्हणजे उद्रेकात उडालेला तप्त थेंब थिजेपर्यंत पाणी त्यातून बाहेर निसटत होते. त्या उताराचे गणित मांडून त्यांनी उद्रेकापूर्वीच्या शिलारसातले पाणी सुमारे ७४५ भाग असावे, असा अंदाज केला.

या अंदाजाची परीक्षा २०११ साली झाली. हॅरिसन श्मिट या भूवैज्ञानिक अंतराळवीराला डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर नारिंगी माती दिसली होती. त्या मातीतल्या ऑलिव्हीन स्फटिकांच्या पोटात उद्रेकापूर्वीच शिलारसाचे सूक्ष्म थेंब अडकले होते. बाहेर निसटायला वाव नसलेले हे थेंब शोधून काढले थॉमस वाइनराइख या पदवीच्या विद्यार्थ्याने. त्यांत ६१५ ते १४१० भाग पाणी निघाले. पृथ्वीवरच्या महासागरतळाच्या शिलारसातही साधारण एवढेच असते.

चांद्रयान-१ वरील उपकरणाने शोधलेले, २००९ साली जाहीर झालेले पाणी मात्र वेगळे. ते पृष्ठभागावरचे, अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून ओळखलेले. वर्गात दोन्हींची गल्लत सहज होते. चंद्राच्या पोटातल्या एकूण पाण्याबद्दल अजून एकमत नाही. नारिंगी मण्यांचा शिलारस चंद्राच्या एखाद्या ओलसर भागातूनच आला असेल आणि बाकीचा चंद्र बराच कोरडा असेल, असे काही संशोधक क्लोरिनच्या समस्थानिकांच्या आधारे मांडतात.