‘झेपेल तेवढे’ आणि ‘मात्रा’ : कर्करोगोत्तर बलव्यायामाच्या परिमाणाचा इतिहास

अहिल्यानगर शहरालगत पुणे रस्त्यावर वसलेल्या केडगावात, किंबहुना सर्व महाराष्ट्रात, व्यायामाचे परिमाण दोन रीतींनी सांगितले जाते. तालमीतील पहिलवानास ते आकड्यांत मिळते: इतके जोर, इतक्या बैठका. आजारातून उठलेल्यास मात्र ‘झेपेल तेवढेच कर’ एवढेच सांगितले जाते. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीस तर त्या बाजूच्या हाताने जड वस्तू उचलण्याची मनाईच करण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. बगलेतील लसीकाग्रंथी काढल्यावर हातास सूज येते आणि वजनाने ती वाढेल, ही त्यामागील भीती. मनाईस आकडा लागत नाही, विधानास लागतो. तो आकडा कसा सिद्ध झाला, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या परंपरेत परिमाणाचा विचार नव्हता असे नाही. सुश्रुताने व्यायामाची मर्यादा ‘बलार्ध’, म्हणजे ज्याच्या त्याच्या बळाचा अर्धा भाग, अशी ठरविली. वाग्भटाने ‘अर्धशक्ती’ हेच प्रमाण मानले. परंतु ते बलवानांसाठी. बालक, वृद्ध आणि विशिष्ट विकारांनी पीडित माणसे ह्यांस त्याने व्यायामातून वगळले. दुर्बळाचे परिमाण असे अनुक्तच राहिले.

ही उणीव प्रथम युद्धकाळात भरून निघू लागली. अमेरिकन सैन्यातील वैद्य टॉमस डिलॉर्म ह्यांनी जखमी सैनिकांच्या स्नायूंस वजनाचा व्यायाम देऊन १९४५ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. लागोपाठ दहाच वेळा उचलता येईल ते वजन हे त्यांचे माप. १९४८ च्या सुधारित क्रमात पहिली फेरी त्या वजनाच्या निम्म्याने, दुसरी पाऊणपटीने आणि तिसरी पूर्ण वजनाने करावयाची होती.

कर्करोगाच्या क्षेत्रात हा विचार उशिरा पोहोचला. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले, तेव्हा रोग्याचा जीव वाचणे हीच मोठी गोष्ट होती. वाचल्यानंतरच्या बळाचा प्रश्न पुढचा. कॅथरिन श्मिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हाताची सूज असलेल्या १४१ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून आरंभ करून ते सावकाश वाढविले; वरची मर्यादा घातली नाही. वर्षभरात सूज बळावण्याचे प्रमाण वजन उचलणाऱ्यांत १४ टक्के, इतरांत २९ टक्के आढळले. मनाईचा आधारच त्यामुळे डळमळला. २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने आठवड्यातून किमान दोन दिवस, ८ ते १५ आवर्तनांच्या किमान दोन फेऱ्या, आणि एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या किमान ६० टक्के वजन, असे प्रमाण सांगितले. रोग हाडांत पसरला असल्यास अर्थातच वैद्याचा स्वतंत्र निर्णय हवा.

बलार्ध काय किंवा ६० टक्के काय, दोन्ही मापे ज्याच्या त्याच्या बळावरून काढलेली आहेत. भेद असा की, बलार्ध ही ओलांडू नये अशी सीमा होती; नवे प्रमाण हे किमान आहे, आणि बळ वाढेल तसे वजनही वाढते. मराठीत औषधाच्या नेमक्या प्रमाणास ‘मात्रा’ म्हणतात, आणि उपाय फळास आला की मात्रा लागू पडली असे म्हणतात. ‘झेपेल तेवढे’ ह्या शब्दांत दया आहे, मात्रा नाही. रोगमुक्त माणसास दोहोंची गरज असते.