प्राध्यापकाच्या वर्गाचे बंद दार

1924 साली गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकमध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तिथे शिकवायला लागणारी पात्रता सरळ होती: चांगल्या वर्गात एम.ए. झालेले असणे. त्याच काळात प्राथमिक शाळेतला मास्तर ‘ट्रेन्ड’ आहे की ‘अनट्रेन्ड’, यावर त्याचा पगार ठरत होता आणि हायस्कुलात बी.टी. या अध्यापनाच्या पदवीला मान होता. म्हणजे विद्यार्थी जितका लहान, तितके शिक्षकाला शिकवण्याचे शिक्षण अधिक. प्राध्यापकाला ते लागतच नाही, कारण विषय आला की शिकवणे येते, असा समज होता. हा समज एकट्या नाशिकचा नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या छायेत वाढलेल्या सगळ्याच महाविद्यालयांचा होता, आणि त्याला विद्वत्तेच्या प्रतिष्ठेचे कवच होते. प्राध्यापकाच्या वर्गात दुसऱ्याने जाऊन बसणे ही तपासणी, आणि तपासणी म्हणजे अपमान. पुढच्या साऱ्या इतिहासात हे बंद दारच आडवे आले, असे माझे मत आहे.

प्राध्यापकालाही शिकवण्याचे शिक्षण लागते, याची सरकारी पातळीवर जाणीव नव्हती असे नाही. नव्या अधिव्याख्यात्यांसाठी वर्षारंभी काही आठवड्यांचे वर्ग भरवावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमची व्यवस्था असावी, असे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सुचवले. ते वीस वर्षे कागदावर राहिले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली: चार आठवड्यांचा ओरिएंटेशन, तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. नाशिकची महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे इथल्या प्राध्यापकाला सहसा पुणे गाठावे लागे. खरा घोळ मात्र अंतराचा नव्हता. हे वर्ग वेतनश्रेणीला जोडले गेले आणि स्टाफरूममध्ये त्यांची चर्चा ‘स्थाननिश्चिती’च्या, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याच्या, प्रकरणातच होऊ लागली. सहा वर्षांत कोणते प्रमाणपत्र लागते, कोणते कमी पडते, फाइल कुठे अडली आहे. मुदतीत वर्ग न केलेल्यांसाठी आयोगाने ती मुदत वारंवार वाढवून दिली. जी अट सवडीने पुढे ढकलता येते ती शिकवण्याच्या गुणवत्तेची नव्हे, हे त्यातच कबूल झाले. 2015 मध्ये या स्टाफ कॉलेजांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले, 2023 मध्ये शिक्षक प्रशिक्षणाचे मालवीय मिशन आले. पाट्या बदलल्या, पण परत आलेला प्राध्यापक आपल्या वर्गात काय वेगळे करतो हे पाहायला तेव्हाही कोणी जात नव्हते, आताही जात नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सक्ती नसती तर कोणी गेलेच नसते, आणि सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यांत एकट्याने विषय ओढणाऱ्या शिक्षकाला निदान तीन आठवडे समविषयी माणसे भेटली, नवी पुस्तके कळली. हे मान्य. पण हा लाभ विषयज्ञानाचा आणि ओळखीपाळखीचा आहे, अध्यापनाचा नव्हे. रिफ्रेशरमध्ये तज्ज्ञाचे व्याख्यान ऐकून व्याख्यानपद्धतीचे दोष समजावून घ्यायचे, यातली गंमत तिथल्या वक्त्यांनाही कळत असावी.

नाशिकचा वेगळा धडा आहे तो दोन विद्यापीठांचा. 1 जुलै 1989 रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राम ताकवले पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ पोचवायची तर शिकवणे पुस्तकात उतरवणे भाग होते. नामवंत प्राध्यापकही इथे लेखक म्हणून आले की त्यांच्या मजकुराला विषय संपादक, भाषा संपादक आणि अनुदेशन तंत्र संपादक असे तिघे भेटत. घटकाच्या आरंभी उद्दिष्टे लिहायची, मग प्रास्ताविक, मग विषय विवेचन, आणि मध्येच थांबून स्वयंअध्ययन प्रश्न. त्यांची उत्तरे घटकाच्या शेवटी. वर्गात ‘समजलं ना?’ विचारून पुढे जाता येते, इथे ते चालत नाही. एकट्याने वाचणाऱ्याला काय कळणार नाही, याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. याला कोणी प्रशिक्षण म्हटले नाही, प्रमाणपत्रही दिले नाही. तरी पन्नाशीच्या प्राध्यापकाला आपले शिकवणे दुसऱ्याच्या लाल शाईखाली पहिल्यांदा दिसले ते इथेच. सगळी पुस्तके सारखी उतरली नाहीत, काही तर गाईडच्या जवळ गेली. पण ती छापील असल्यानेच हे आपल्याला म्हणता येते.

दुसरे, 1998 चे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, याचे मुख्यालयही नाशिकलाच. त्याच्या आदल्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग सक्तीचा केला होता. 2009 पासून शिक्षकांसाठी ठरावीक कार्यशाळाही आल्या. या कार्यशाळांचा कणा म्हणजे सूक्ष्म अध्यापन, 1963 च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये जन्मलेले. पाचसात मिनिटांचा पाठ, समोर सहकारी, लगेच टीका, मग तोच पाठ पुन्हा. शस्त्रक्रियेतला नाणावलेला प्राध्यापकही इथे शरीरक्रियाशास्त्राच्या सहायक प्राध्यापकाचे ऐकून घेतो. वैद्यकाचे वेगळे, तिथे चुकीची किंमत रुग्ण मोजतो, असे म्हणून हा दाखला बाजूला सारला जातो. पण ही टीका शस्त्रावर नसते, फळ्यावर असते. प्रश्न कोणाला विचारला, किती थांबलात, शेवटी काय हाती दिलेत, हे मराठीच्या वर्गालाही तितकेच लागू आहे. इथेही सक्ती आहे आणि केवळ हजेरीसाठी येणारेही आहेत. तरी पाठ चारचौघांसमोर घ्यावाच लागतो, आणि नुसत्या सहीने ते होत नाही.

अध्यापन ही उपजत कला आहे, ती शिकवून येत नाही, हा जुना आक्षेप उरतो. गाणेही उपजत असते म्हणतात, तरी गवई वर्षानुवर्षे गुरूसमोर बसतो. उपजत गुण असलेल्या दोनचार प्राध्यापकांच्या आठवणींवर शंभर वर्षांच्या महाविद्यालयाचे अध्यापन चालत नाही.

म्हणून नाशिकच्या कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयांना एकच विनंती. पुढच्या योजनेच्या परिपत्रकाची वाट न पाहता सत्रातून एकदा प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या तासाला दोन सहकाऱ्यांना बसवावे आणि तास संपल्यावर त्यांचे ऐकून घ्यावे. अहवाल लिहू नये, गुण देऊ नयेत आणि स्थाननिश्चितीच्या फाइलला ते मुळीच जोडू नये.