केडगावचा जमाखर्च

वर्षाला एक डॉलर, सलग दहा वर्षं. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या सभासदांनी एवढाच शब्द दिला होता. अमेरिकेत ठिकठिकाणी निघालेल्या मंडळांतून हे डॉलर जमत, आणि त्यांच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ पंडिता रमाबाईंचं शारदा सदन उघडलं. उच्चवर्णीय विधवांना शिकवणारी ही शाळा पुढच्याच वर्षी पुण्याला आली. पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाईंनी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला.

रक्कम दहा वर्षांपुरती होती, हे रमाबाई कधी विसरल्या नाहीत. १८९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला सुमारे शंभर एकर जमीन मिळवली. विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि अमेरिकेचे पैसे थांबले की बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा हा बेत. देणगीचा ओघ चालू असतानाच तो आटल्यावर काय, याची तजवीज करणाऱ्या संस्था आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सापडतील.

त्याआधी एक मोठा फटका बसून गेला होता. शारदा सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर आले होते. पण मुली ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. आपण कुणाला बोलावत नाही, मात्र आपल्या खोलीचं दारही लावून घेणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंची बाजू खोटी नव्हती, तशी आपली विधवा लेक विश्वासाने सोपवलेल्या बापाची धास्तीही खोटी नव्हती. पुण्याच्या समाजात तुटलेला हा धागा पुढे पुरता जुळला नाही. केडगावच्या कामाची भिस्त परदेशी मदतीवर राहिली, त्याचं एक मूळ इथे आहे.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १८७० च्या दशकातल्या उपासमारीत आई, वडील आणि थोरली बहीण गमावलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि मुली-बायकांना घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला. एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना, तेव्हा त्यांना केडगावच्या शेतावर हलवलं. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर वस्ती उठली, ती अशी. सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर सुरू झालं. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांवर गेली.

इतकी तोंडं नुसत्या दयेवर भरत नाहीत. शेती, गाईगुरं, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, धुलाई अशी कामं बायकांत वाटलेली असत. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होतं. रमाबाईंची मुलगी मनोरमा तिथे ब्रेल शिकवी. फसवल्या गेलेल्या स्त्रियांना कृपा सदन, म्हाताऱ्या नि दुबळ्यांना प्रीती सदन. सगळ्यात नवल छापखान्याचं. काल-परवापर्यंत अक्षरओळख नसलेल्या बायका तिथे खिळे जुळवत, आणि तेही केवळ देवनागरीचे नव्हेत, हिब्रू आणि ग्रीकचेसुद्धा. रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, त्यासाठी ही तयारी.

घोडनदीकाठच्या शिरूरला असाच एक प्रयोग चालू होता. अमेरिकन मराठी मिशनचे रिचर्ड विन्सर यांनी तिथे उद्योगशाळा चालवली. तिला नाव होतं सर दिनशा पेटिट या पारशी गिरणीमालकाचं. ख्रिस्ती मिशनच्या शाळेला पारशी शेठजींचा हात लागला, तो हस्तकौशल्य शिकवणाऱ्या कामासाठी.

केडगावचा कच्चा दुवा एकच होता: सगळी घडी एका बाईभोवती बसलेली. मनोरमाला वारस म्हणून घडवलं होतं. ती जुलै १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. मुक्ती मिशनचं काम तेव्हा बंद पडलं नाही आणि आजही चालू आहे. शेतं, इमारती, यंत्रं आणि ती चालवणारे शिकलेले हात मागे होते.

पुढे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी आणि हिशेबतपासणी सक्तीची केली. बॉस्टनच्या मंडळाच्या वार्षिक अहवालांत जमाखर्च आधीपासूनच छापला जाई. आता शिरूर तालुक्यातल्या रांजणगावच्या गणपतीचे विश्वस्त असोत की दौंड तालुक्यातलं एखादं मिशन, दरसाल लेखापरीक्षकाची सही घेऊन कागद धर्मादाय आयुक्तांकडे पाठवावे लागतात.