परिचारिकेची रोजनिशी : लिहायची कोणासाठी?

परिचारिका-शिक्षणात ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’ हा शब्द आता रुळला आहे. केलेल्या कामाकडे मागे वळून पाहायचे, त्यातून शिकायचे आणि ते लिहून ठेवायचे, असा त्याचा साधा अर्थ. ही कल्पना सहसा १९८० नंतरची मानली जाते. मला मात्र तिच्यातला मुख्य पेच त्याआधी शंभरेक वर्षे, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली सुरू झालेल्या नाइटिंगेल शाळेतच दिसतो.

तिथल्या उमेदवार परिचारिकांना रोजनिशी ठेवावी लागे. पण ती खासगी वही नव्हती. वरिष्ठ ती तपासत. शिवाय दरमहा प्रत्येकीचा तक्ता भरला जाई. त्यात कामातील कौशल्याबरोबरच वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा यांचीही नोंद असे. जिच्यावरून आपली वर्तणूक जोखली जाणार, त्या वहीत ‘आज जखम पाहून मला किळस आली’ असे कोण लिहील?

१९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी व्यावसायिकांच्या चिंतनावर ग्रंथ लिहिला. प्रत्यक्ष कामातले प्रश्न पुस्तकातल्यासारखे नीटस नसतात. काम करता करता आणि केल्यानंतरही विचार करावा लागतो, हे त्यांचे म्हणणे परिचारिकांच्या शिक्षकांना पटले. पुढे १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्स यांनी सहा पायऱ्यांचे चक्र मांडले : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती. यातली दुसरी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे भीती, राग, हतबलता यांना अभ्यासक्रमात अधिकृत जागा मिळाली.

पण या चक्राचा गृहपाठ झाला, त्याला गुण मिळू लागले आणि जुना पेच परत आला. शिक्षकांना काय आवडेल हे ओळखून विद्यार्थिनी ‘योग्य’ भावना लिहू लागतात.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१६ पासून नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिचारिकांना तीन वर्षांत असे पाच लेख लिहावे लागतात. त्यावर दुसऱ्या नोंदणीकृत परिचारिकेशी किंवा सुईणीशी चर्चाही करावी लागते. वाचणारी व्यक्ती त्याच व्यवसायातली असणे, हा बदल मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडच्या नर्सिंग महाविद्यालयांत केस स्टडी आणि लॉगबुके लिहिली जातात, तपासलीही जातात. त्यांना गुण जरूर द्यावेत. चिंतनाची वही मात्र वेगळी असावी, आणि तिच्यावर शेरा न मारता बोलणारे कोणीतरी असावे.