रुग्ण नेमकं काय म्हणतोय? नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजी ऐकण्याची तयारी

आमची एक माजी विद्यार्थिनी जीएनएम करून इंग्लंडला गेली. सुरुवातीच्या दिवसांत एका वयस्कर रुग्णाने तिला सांगितलं, "आय हॅव बीन सिक ट्वाइस धिस मॉर्निंग." तिने फाइलमध्ये लिहिलं की रुग्णाला सकाळपासून बरं वाटत नाही. प्रत्यक्षात त्यांना दोन वेळा उलटी झाली होती. ब्रिटिश बोलीत 'टू बी सिक' म्हणजे उलटी होणं. सीनियर सिस्टरने तिच्याकडून नोंद वाचून घेतली, तेव्हा चूक लगेच लक्षात आली आणि पुढचं टळलं. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, शब्द सगळे ऐकू आले होते. अर्थच कळला नाही."

हे एकटीचं दुखणं नाही. आपल्याकडची कित्येक मुलं-मुली उर्दू किंवा मराठी माध्यमातून दहावी करतात आणि मग नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, लॅब टेक्निशियनकडे वळतात. तिथे पुस्तकं इंग्रजीत असतात, पण शिक्षक समजावतात हिंदी-मराठीत. वॉर्डातला रुग्ण मराठी, हिंदी नाहीतर दखनी बोलतो. इंग्रजी राहते ती फाइलमध्ये आणि औषधांच्या नावांत. म्हणजे डोळ्याला इंग्रजीची सवय होते, हाताला होते, कानाला मात्र होत नाही. म्हणून परदेशी नोकरीची तयारी करणाऱ्या, किंवा इथेच मोठ्या हॉस्पिटलात परदेशी रुग्णांशी बोलावं लागणाऱ्या आपल्या वाचकांसाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

परीक्षेत काय ऐकावं लागतं?

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे नर्स म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजी येतं याचा पुरावा लागतो. त्यासाठी आयईएलटीएस आणि ओईटी या दोन परीक्षा जास्त चालतात. ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, खास आरोग्य क्षेत्रातल्या 12 व्यवसायांसाठी असलेली परीक्षा. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्न विद्यापीठाचे प्रा. टिम मॅकनमारा यांच्या कामातून ती उभी राहिली.

ओईटीच्या ऐकण्याच्या पेपरात 42 प्रश्न असतात आणि वेळ साधारण 40 ते 45 मिनिटं. पहिल्या भागात रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांची दोन संभाषणं असतात. ती ऐकता ऐकता नोंदीतल्या 24 रिकाम्या जागा भरायच्या. दुसऱ्या भागात कामाच्या ठिकाणचे 6 छोटे प्रसंग आणि प्रत्येकावर एक प्रश्न. तिसऱ्या भागात मुलाखत किंवा व्याख्यान आणि त्यावर 12 प्रश्न. सगळं फक्त एकदाच ऐकायला मिळतं. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेला ऐकण्यात किमान 'बी' ग्रेड, म्हणजे 500 पैकी 350 गुण लागतात. आयईएलटीएस दिली तर ऐकण्यात 7. नियम बदलत असतात, म्हणून फी भरण्याआधी त्या त्या परिषदेच्या वेबसाइटवर स्वतः पाहावं. एजंटच्या शब्दावर राहू नये.

आखाती देशांचं थोडं वेगळं आहे. तिथल्या परवान्याची परीक्षा संगणकावर पर्याय निवडण्याची असते, ऐकण्याचा वेगळा पेपर सहसा नसतो. त्यामुळे त्याची तयारी कोणी करत नाही. पण ड्यूटीवर गेल्यावर इजिप्तचे डॉक्टर, फिलिपिन्सच्या नर्स, केरळच्या सिस्टर यांच्यातला पूल इंग्रजीच असतो, आणि प्रत्येकाचा उच्चार निराळा. अरबीत 'प' नाही, म्हणून 'पेशंट'चं 'बेशंट' होऊ शकतं. फिलिपिन्सच्या काही जणांच्या बोलण्यात 'फ' आणि 'प' यांची अदलाबदल होते. आपलं इंग्रजीही त्यांना वेगळंच वाटत असतं. हसण्यासारखं यात काही नाही, कानाला सवय लावणं एवढंच आपल्या हातात आहे.

आकडे: सगळ्यात धोक्याची जागा

'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत जोर कुठे पडतो ते पाहा. 15 म्हणताना जोर शेवटी येतो, फिफ्‌-टीन. 50 म्हणताना सुरुवातीला येतो, फिफ्‌-टी. 13-30, 14-40, 16-60 यांचंही तसंच. गडबडीच्या वॉर्डात हा फरक निसटतो आणि डोस तिपटीने बदलतो. म्हणून तोंडी ऑर्डर घेताना आकडा सुटा करून परत म्हणण्याची पद्धत आहे: "फिफ्टी, फाइव्ह झीरो" किंवा "फिफ्टीन, वन फाइव्ह".

एककंही वेगळी असतात. ब्रिटनमध्ये ताप सेल्सिअसमध्ये सांगतात. "थर्टी-एट फाइव्ह" म्हणजे 38.5, आपल्या हिशेबाने 101 फॅरनहाइटच्या थोडं वर. तिथे रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात. "शुगर सात" ऐकून घाबरू नका. सातला 18 ने गुणलं की आपले 126 येतात. वजन सांगताना जुनी माणसं 'स्टोन' म्हणतात. एक स्टोन म्हणजे साधारण 6.35 किलो. "आय हॅव लॉस्ट अ स्टोन" असं कोणी म्हणालं तर तो मुतखडा पडल्याचं सांगत नाही, वजन घटल्याचं सांगतोय. आणि 'हाफ सेव्हन' म्हणजे साडेसहा नव्हे, साडेसात. औषधाची वेळ लिहिताना हे कामाला येतं.

पेशंटची बोली पुस्तकात नसते

आपल्याकडे बाई डॉक्टरला 'मासिक पाळी' म्हणत नाही, 'अडचण आली' म्हणते. तसंच तिकडेही आहे. लाजेच्या गोष्टी आडून सांगितल्या जातात. ब्रिटनमध्ये वारंवार कानावर पडणारे काही शब्द असे:

- 'पुअर्ली' किंवा 'अंडर द वेदर': बरं नाही.
- 'वॉटरवर्क्स': लघवीची तक्रार. 'स्पेंड अ पेनी': लघवीला जाणं.
- 'द रन्स' किंवा 'द ट्रॉट्स': जुलाब. 'बंग्ड अप': बद्धकोष्ठ, कधी चोंदलेलं नाक.
- 'फनी टर्न': एकाएकी चक्कर किंवा घेरी येणं. यात विनोदी काही नसतं.
- 'ऑफ माय फूड': जेवणावरची वासना गेली.
- 'द चेंज': पाळी कायमची जाण्याचा काळ.
- 'जॅब': इंजेक्शन, लस. 'सर्जरी': ऑपरेशन, पण कधी कधी फॅमिली डॉक्टरचा दवाखाना.

आणखी एक सवय ओळखून ठेवा. बरेच ब्रिटिश वृद्ध दुखणं कमी करून सांगतात. "अ बिट अनकम्फर्टेबल" किंवा "नॉट टू बॅड" म्हणणारा माणूस प्रत्यक्षात बराच त्रासात असू शकतो. तिथे शब्दावर थांबू नये. शून्य ते दहापैकी किती दुखतं ते विचारावं आणि चेहराही पाहावा.

दुखण्याचे शब्द मायबोलीशी जोडा

दुखण्याला मराठीत शब्दांची कमी नाही, उर्दूतही नाही. ती श्रीमंती इथे कामाला लावा. 'थ्रॉबिंग' म्हणजे ठणका, ठसठस. 'शूटिंग' म्हणजे चमक निघणं. 'स्टॅबिंग' म्हणजे सुरी खुपसल्यासारखी कळ. 'बर्निंग' म्हणजे जळजळ, जलन. 'क्रॅम्प' पोटात असेल तर मुरडा, मरोड. पोटरीत असेल तर पेटका. 'डल एक' म्हणजे मंद, सतत राहणारं दुखणं. 'टेंडर' म्हणजे हात लावला, दाबलं की दुखणं. 'नम' म्हणजे बधिर, 'पिन्स अँड नीडल्स' म्हणजे मुंग्या येणं. इंग्रजी शब्दाला इंग्रजी व्याख्या पाठ केली की तो परीक्षेपुरता राहतो. 'ठणका' शी जोडला की विसरत नाही.

ऐकताना डोक्यात एक साचा असला की सोपं जातं. वैद्यकीय शिक्षणात दुखण्याची चौकशी ठरलेल्या क्रमाने करतात: कुठे दुखतं, कधी सुरू झालं, कसं दुखतं, कुठे पसरतं, सोबत आणखी काय होतं, किती वेळ राहतं, कशाने वाढतं किंवा कमी होतं, आणि किती तीव्र आहे. हे आठ खण मनात आखून ऐकायला बसा. एखादा शब्द सुटला तरी कोणता खण रिकामा राहिला ते कळतं, म्हणजे काय विचारायचं तेही कळतं.

'हो' आणि 'नाही'चा घोळ

इथे आपली मायबोलीच आपल्याला फसवते. आपण विचारतो, "ताप नाही ना?" समोरचा म्हणतो, "हो," म्हणजे बरोबर, ताप नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. "यू डोन्ट हॅव एनी ॲलर्जीज?" याला इंग्रजी बोलणारा "नो" म्हणतो, अर्थ ॲलर्जी नाही. उलट एखादा भारतीय किंवा अरब रुग्ण त्याच प्रश्नाला "येस" म्हणाला, तर तो काय सांगतोय? ॲलर्जी आहे, की नाही हे बरोबर आहे? म्हणून नकारात प्रश्न विचारूच नये. "डू यू हॅव एनी ॲलर्जीज?" असा सरळ विचारावा. उत्तर आलं तरी कशाची, काय होतं, हे पुढे विचारावं.

'कॅन' आणि 'कान्ट' हाही असाच सापळा. काही उच्चारांत 'कान्ट'चा शेवटचा 'ट' जवळजवळ गिळला जातो. "आय कान्ट फील माय फूट" मधला एक 'ट' हरवला तर अर्थ उलटा होतो.

परत विचारण्याची लाज सोडा

आमच्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथे आहे. परीक्षेत एकदाच ऐकायला मिळतं, म्हणून मुलं समजतात की चांगलं ऐकणारा तो, ज्याला पहिल्याच वेळी सगळं कळतं. वॉर्डात नेमकं उलट आहे. तिथे परत विचारणं हा कामाचाच भाग आहे. 'लोसेक' ॲसिडिटीचं औषध, 'लेसिक्स' लघवी वाढवणारं. ऐकायला किती जवळ! म्हणूनच तोंडी ऑर्डर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि समोरच्याकडून पक्की करायची, ही रीत जगभरच्या चांगल्या हॉस्पिटलांत पाळली जाते. मोठे डॉक्टरसुद्धा यातून सुटत नाहीत.

आपल्या मुलींना लहानपणापासून मोठ्यांना उलट विचारायचं नाही असं शिकवलेलं असतं. अदब चांगलीच गोष्ट आहे. पण औषधाच्या बाबतीत न विचारणं ही अदब नव्हे. ही वाक्यं तोंडात बसवून ठेवा:

- "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट." (माफ करा, मला नीट ऐकू आलं नाही.)
- "कुड यू से दॅट अगेन, मोर स्लोली?" (परत सांगता का, जरा सावकाश?)
- "व्हॉट डू यू मीन बाय दॅट?" (त्याचा अर्थ काय, सांगाल का?)
- "लेट मी रीड इट बॅक टू यू." (मी वाचून दाखवते.)

रुग्णाला काही समजावलं असेल तर "कळलं का?" एवढ्यावर सोडू नका. माणूस संकोचाने "हो" म्हणतो. "घरी गेल्यावर हे औषध कसं घ्याल, मला सांगा बरं," असं विचारा आणि मग कान देऊन ऐका.

रोजचा सराव

शाळेत आपण श्रुतलेखन करायचो, उर्दू शाळेत इम्ला. तेच आता इंग्रजीत करायचं. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा सहा मिनिटांचा कार्यक्रम आणि ब्रिटनच्या एनएचएसचे आजारांवरचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट मिळतात. रोज वीस मिनिटं द्या:

1. पहिल्यांदा काही न लिहिता ऐका. कोण, कुणाशी, कशाबद्दल बोलतंय एवढंच पकडा.
2. दुसऱ्यांदा आकडे, औषधं, वेळा आणि 'नाही' असलेली वाक्यं टिपा.
3. तिसऱ्यांदा एक मिनिटाचा तुकडा शब्दशः लिहून काढा.
4. शेवटी लिखित मजकूर किंवा सबटायटल लावून तपासा. जे सुटलं ते वहीत वेगळं लिहा.

दर आठवड्याला निराळा उच्चार घ्या: ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, आयरिश. शक्य असेल तर मैत्रिणीबरोबर बसा, एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने नोंद घ्यायची. परीक्षा महिन्यावर आली की मात्र सगळं एकदाच ऐकायची शिस्त लावा, आणि ऐकलेला शब्द आपल्या मनाने न बदलता तसाच लिहा.

आमची ती विद्यार्थिनी आजही एक छोटी वही खिशात ठेवते. नवा शब्द कानावर पडला की रुग्णालाच विचारते. म्हणते, "मॅडम, विचारलं की म्हातारी माणसं खूश होतात, अजून दोन गोष्टी सांगतात." त्या दोन गोष्टींत कधी कधी आजाराचा खरा धागा सापडतो. तुमच्या घरात कोणी परदेशी जायची तयारी करत असेल, तर क्लासची फी भरण्याआधी तिला एक वही आणि रोजची वीस निवांत मिनिटं मिळवून द्या.