सकाळी उठताच कंबर धरते? नवी गादी घेण्याआधी घरच्या घरी हे तपासा

रात्री झोपताना बरं असतं. सकाळी मात्र कंबर धरलेली, मान आखडलेली. मग पहिला दोष गादीला दिला जातो. दारावर टेम्पो आला की 'ऑर्थोपेडिक' गादी घेतली जाते, हजारो रुपये जातात आणि महिनाभराने दुखणं तिथल्या तिथेच. कारण बऱ्याचदा दोष गादीच्या खालच्या पलंगात, उशीत किंवा दिवसभराच्या कामात असतो. म्हणून पैसे काढण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. त्यासाठी एक दोरी, एक मोजपट्टी आणि आठवडाभराचा वेळ पुरतो.

आधी दुखण्याची वेळ बघा

सकाळी उठताना दुखतं आणि हिंडू-फिरू लागल्यावर थोड्या वेळात मोकळं होतं, तर अंथरुणावर संशय घ्यायला जागा आहे. सकाळी ठीक असतं आणि खुरपणी, ऊसतोड, धुणं किंवा ट्रॅक्टर चालवून आल्यावर संध्याकाळी वाढतं, तर कारण कामात आहे. नुसती गादी बदलून ते जाणार नाही.

नक्की करायचं असेल तर पाच-सात रात्री जागा बदलून झोपा. घरातल्या दुसऱ्या पलंगावर, नाहीतर जमिनीवर सतरंजी आणि वर दोन जाड गोधड्या टाकून. फरक पडला तर तुमच्या अंथरुणात दोष आहे. मात्र जमिनीवर बरं वाटलं म्हणून जमीनच सगळ्यात चांगली, असं समजू नका. सध्याचं अंथरूण फार बसलंय, एवढंच त्यातून कळतं. गुडघेदुखी असलेल्या आणि वयस्कर माणसांनी जमिनीवर झोपण्याचा हा प्रयोग करू नये, उठताना पडण्याची भीती असते.

दोरीची चाचणी

गादीवरची चादर काढा. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरा आणि मधल्या जागी दोरीपासून गादी किती खाली आहे ते पट्टीने मोजा. इंच-दीड इंच किंवा त्याहून जास्त खड्डा असेल तर कंबर रात्रभर वाकलेली राहते.

आता गादी उचला आणि तशीच दोरी पलंगावर ताणा. खड्डा पलंगातच असेल तर नवी गादीही काही दिवसांत तशीच बसेल. आधी पलंग दुरुस्त करा:

- बाज: पायथ्याकडची दोरी ओढून घट्ट करा. नवार ढिली झाली असेल तर उकलून पुन्हा ताणून विणा. सैल बाजेवर फोमची गादी टाकली तर तीही झोळीसारखी होते.
- लाकडी पलंग, दिवाण: वाकलेली किंवा मोडलेली फळी बदला. दोन फळ्यांमध्ये तीन इंचांपेक्षा जास्त फट नको. वर जाड प्लायवुड टाकलं तरी चालतं, फक्त त्याला हवा जायला भोकं पाडा, नाहीतर ओल धरते.
- लोखंडी कॉट: पत्रा मधे दबला असेल तर त्यावर फळी टाका. करकर आवाज येत असेल तर नट-बोल्ट आवळा.

गादी कडक आहे की मऊ?

पाठीवर झोपा आणि घरातल्या कुणाला तरी कंबरेखाली हात सरकवून बघायला सांगा. हात सहज आरपार गेला तर खाली पोकळी आहे, म्हणजे गादी तुमच्यासाठी कडक आहे. हात शिरतच नाही आणि खुबे आत रुतलेत, तर ती फार मऊ आहे. हात थोडा दाबून गेला तर ठीक.

कुशीवर झोपणाऱ्यांचा खांदा किंवा खुबा दुखत असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर गादी बहुधा कडक आहे.

पाठदुखीला फळीसारखी कडक गादीच हवी, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९० दिवसांनंतर, कडक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. कंबरेला आधार मिळावा आणि खांदा-खुबा थोडा आत जावा, एवढा मऊपणा लागतोच.

कुठला त्रास, काय उपाय

*कापसाच्या गादीत गोळे झालेत:* कापूस दबून एका जागी जमला आहे. गादी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि झोडपून घ्या. तरीही गोळे राहिले तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून, गरज असेल तर थोडा नवा घालून पुन्हा भरून घ्या. टाके जवळजवळ घालायला सांगा, म्हणजे कापूस सरकत नाही. रोजच्या वापरातली गादी दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली तर ती पुष्कळ वर्षं टिकते.

*फोमच्या गादीला खड्डा पडलाय:* डोक्याची बाजू पायाकडे करा. गादी दोन्ही बाजूंनी वापरायची असेल तर उलटीही करा. दर तीन महिन्यांनी हे केलं तर खड्डा लवकर पडत नाही. दबून गेलेला फोम मात्र पुन्हा वर येत नाही, तो बदलावाच लागतो. फोमची गादी कडक उन्हात तासन् तास ठेवू नका, फोम पिवळा पडून भुगा होऊ लागतो. सावलीत वारा द्या.

*गादी कडक आहे, बाकी धड आहे:* नवी घेऊ नका. वर जाड गोधडी किंवा कापसाची पातळ गादी अंथरा.

*मान आखडते:* गादीआधी उशी बघा. कुशीवर झोपताना कान ते खांदा ही जागा भरेल एवढी उशी हवी. पाठीवर झोपणाऱ्याला त्याहून पातळ उशी लागते. दोन उशा किंवा लोड घेऊन झोपणं मानेला वाईट. पालथं झोपायची सवय असेल तर ती हळूहळू सोडा.

*कंबर दुखते, गादी चांगली आहे:* पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा. उठताना सरळ झटका देऊन उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताचा रेटा देऊन बसा.

नवी घ्यायचीच असेल तर

- 'ऑर्थोपेडिक' या शब्दावर जाऊ नका. तो लिहिला म्हणून गादी डॉक्टरने तपासलेली ठरत नाही.
- फोमची 'डेन्सिटी' विचारा. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो हा आकडा. रोज झोपायला ३२ किंवा त्याहून जास्त बरी. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, डेन्सिटी जास्त असली की फोम लवकर दबत नाही.
- चेन उघडून आतले थर दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर घेऊ नका.
- दुकानात नुसतं बसून बघू नका. घरी झोपता तसे दहा मिनिटं आडवे व्हा. नवरा-बायको दोघं झोपणार असाल तर दोघांनीही.
- डेन्सिटी, जाडी आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या. किती खोल खड्डा पडल्यावर गादी बदलून मिळेल, ते आधीच विचारा. वॉरंटी असूनही दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बिल नसेल तर तक्रार टिकवणं अवघड जातं.

ही लक्षणं असतील तर गादी बाजूला ठेवा, डॉक्टर गाठा

पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

पाठदुखीसोबत ताप, रात्री घाम, वजन घटणं असेल तर मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. वयस्कर बाई किंवा माणूस पडल्यानंतर पाठ दुखू लागली तर मणक्याला तडा गेला असू शकतो, एक्स-रे काढून घ्या. तरुण माणसाची पाठ रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहते आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर तो सांध्यांचा आजार असू शकतो. त्यावर गादी हा उपाय नाही.

साध्या लचकेला मात्र घाबरू नका आणि आठवडाभर अंथरुणाला खिळूनही राहू नका. जड उचलणं काही दिवस टाळा, पण झेपेल तेवढं चालत-फिरत राहा. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.